परळच्या वाऱ्या: जोडीदाराच्या कॅन्सर उपचारांसाठी मुंबईला जाताना

गोंदिया, नांदेड, जळगाव नाहीतर सावंतवाडीहून कॅन्सरच्या उपचारांसाठी मुंबईला निघालेल्या जोडप्याला येणारा-जाणारा प्रत्येक जण सांगतो, ‘धीर सोडू नका’. धीर लागतोच. पण परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतात ती एक जाडजूड फाइल, एक दोनशे पानी वही आणि एक थर्मामीटर. पुढच्या सहा-आठ महिन्यांत सर्जन वेगळे, केमोचे डॉक्टर वेगळे, शेक (रेडिएशन) देणारे वेगळे, आणि ओपीडीत दर खेपेला नवा निवासी डॉक्टर भेटेल. आधी काय झालं, कुठलं औषध सोसलं नाही, ताप कधी आला, हे या सगळ्यांना सलग सांगू शकणारा माणूस एकच असतो: सोबत आलेला नवरा किंवा बायको. सोबतीचं निम्मं काम हा हिशेब ठेवण्याचं आहे.

पुढची माहिती मुख्यतः बायकोला स्तनाचा कॅन्सर आहे असं धरून लिहिली आहे, कारण त्याचं वेळापत्रक डोळ्यांसमोर मांडायला सोपं जातं. आजार दुसरा असला किंवा रुग्ण नवरा असला तरी बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतात.

सगळंच मुंबईत करायचं का?

हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच डॉक्टरांना विचारा. उपचाराचे तीन भाग पडतात. निदान आणि उपचाराचा आराखडा हा पहिला, ऑपरेशन हा दुसरा, आणि केमो-शेक हा तिसरा. पहिल्या दोन भागांसाठी मोठ्या केंद्रात जाणं बहुतेक वेळा सार्थकी लागतं. तिसरा भाग सर्वांत लांबतो आणि घर मोडतं ते तिथेच.

आकडे मांडून पाहा. स्तनाच्या कॅन्सरला पुष्कळदा आधी चार केमो दर २१ दिवसांनी दिल्या जातात, म्हणजे १२ आठवडे. मग दुसऱ्या औषधाचे दर आठवड्याचे १२ डोस, म्हणजे आणखी १२ आठवडे. त्यानंतर ऑपरेशन, जखम भरायला तीन-चार आठवडे, पुढे सोमवार ते शुक्रवार १५ ते २० वेळा शेक. गाठ हर-टू पॉझिटिव्ह असेल (गाठीच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त असेल) तर एक इंजेक्शन सुमारे वर्षभर चालतं. हे सगळं परळला केलं, तर आठ-नऊ महिने एक माणूस मुंबईत अडकला.

यातली केमो नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात किंवा जामठ्याच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात, बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात होऊ शकते का, हे स्पष्ट विचारा. २०१२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कॅन्सर ग्रिड या देशभरच्या जाळ्यातली रुग्णालयं उपचारांच्या समान मार्गदर्शक सूचना वापरतात, त्यामुळे एकाने आखलेली केमो दुसऱ्याने देणं ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. विचारायचं वाक्य साधं आहे: “आराखडा तुमचाच. केमो घराजवळ घेतली तर चालेल का? चालणार असेल तर औषध, डोस, दिवस आणि परत कधी दाखवायचं, हे लिहून द्याल का?” हा प्रश्न विचारल्याने डॉक्टर रागावत नाहीत. न विचारल्याने चार-चार महिने भाडं भरणारी जोडपी मात्र बरीच असतात.

निघण्याआधी

पहिलं काम गाठीच्या तुकड्याचं. गावाकडे बायोप्सी झाली असेल, तर नुसता कागदी रिपोर्ट परळला पुरत नाही. तिथले पॅथॉलॉजिस्ट तो तुकडा स्वतः पुन्हा पाहतात. म्हणून लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक दोन्ही मागून घ्या. लॅब सही घेऊन देते. ब्लॉक नसेल तर पुढच्या तपासण्या अडतात, कधी बायोप्सी पुन्हा करावी लागते, आणि दहा-पंधरा दिवस तसेच जातात. स्लाइड कडक डबीत ठेवा, ब्लॉक वेगळ्या छोट्या डबीत. ब्लॉक मेणाचा आहे हे विसरू नका. एप्रिल-मेमध्ये गाडीच्या काचेपाशी ठेवला तर खराब होईल. हे सामान हातातल्या पिशवीत, सीटखालच्या बॅगेत नव्हे.

सीटी किंवा एमआरआयच्या फिल्मसोबत सीडीसुद्धा घ्या आणि ती उघडते का ते निघण्याआधी एखाद्या कॉम्प्युटरवर तपासा. रिकामी सीडी हा नेहमीचा घोटाळा आहे.

दुसरं काम नावांचं, आणि जास्तीत जास्त लोक इथेच अडकतात. आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, नाहीतर रेशनकार्डावर बायकोचं नाव चढवलेलंच नाही. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत नाव जुळलं नाही की मंजुरी थांबते. आता या योजनेचं संरक्षण कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत आहे आणि पांढऱ्या कार्डासह सर्व रेशनकार्डधारक तिच्यात येतात. पण कार्डावर नावच नसेल, तर त्याचा काय उपयोग? नाव चढवण्याचं काम तहसीलच्या पुरवठा शाखेत, आणि ते मुंबईत बसून करणं अवघड जातं. एका माणसाला गावातच हे काम लावून द्या. योजनेची मदतवाहिनी १५५३८८ आहे.

तिसरं, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. चालू वर्षाचा, मूळ प्रत. मुख्यमंत्री सहायता निधी, ट्रस्ट, रुग्णालयाचा समाजसेवा विभाग, सगळे तोच मागतात. सोबत दोघांचं आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक आणि प्रत्येकी दहा झेरॉक्स, आठ-आठ फोटो. परळला झेरॉक्स मिळते, पण रांगेतला नंबर सोडून धावावं लागतं.

चौथं, पैशाची सोय. खातं फक्त आजारी माणसाच्या नावावर असेल तर ते आधी जोडखातं करून घ्या, दोघांपैकी कुणालाही चालवता येईल असं. यूपीआयची रोजची मर्यादा बँकेत विचारून ठेवा.

पाचवं बोलायला अवघड, पण वेळ निघून गेल्यावर उपयोग नाही. जोडपं तरुण असेल आणि पुढे मूल हवं असेल, तर पहिल्या केमोच्या आधी डॉक्टरांना सांगा. काही औषधांनी पाळी कायमची जाऊ शकते, पुरुषांचं बीज घटू शकतं. बीज किंवा स्त्रीबीज साठवायचं तर ते केमो सुरू होण्याआधीच करावं लागतं. आणि उपचार चालू असताना गर्भ राहू नये, याची काळजी दोघांनी घ्यायची असते.

गाडी आणि मुक्काम

विदर्भ, सेवाग्राम, देवगिरी, सिद्धेश्वर, महालक्ष्मी, कुठल्याही गाडीने या, उतरायचं दादरला. सीएसएमटीपर्यंत जाऊन परत फिरू नका. दादर पूर्वेला टॅक्सी मिळते. परळ भागात रिक्षा चालत नाहीत, त्या शीव-वांद्र्याच्या अलीकडे येतच नाहीत, म्हणून ‘रिक्षा कुठे मिळेल’ विचारत उभं राहू नका. उपनगरी गाडीने फिरायचं झालं तर दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सर रुग्णांना बसता येतं. रुग्णालयाचा कागद जवळ असू द्या.

रेल्वेच्या सवलतीत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट. टू-टायर एसी आणि फर्स्ट एसीत दोघांनाही ५० टक्के. रुग्णालयाने सही-शिक्का मारून दिलेला सवलतीचा फॉर्म आरक्षण खिडकीवर द्यावा लागतो. तत्काळ तिकिटावर सवलत चालत नाही. म्हणूनच केमोची पुढची तारीख हातात पडली, की त्याच दिवशी फॉर्म भरून घ्यायचा आणि जाण्याचं तिकीट काढायचं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, २१ दिवसांचं चक्र त्यात आरामात बसतं. पहिल्या खेपेला हा फॉर्म बहुधा हातात नसतो, तेवढा खर्च धरून चला.

मुक्कामाचं आधी ठरवायला जाल तर गोंधळ होईल, कारण बहुतेक धर्मशाळा रुग्णालयाच्या चिठ्ठीशिवाय घेत नाहीत. क्रम असा ठेवा: पहिल्या दोन-तीन रात्रींसाठी नातेवाइकाचं घर किंवा साधं लॉज, नोंदणी झाली की वैद्यकीय समाजसेवा विभागात जाऊन मुक्कामाची चिठ्ठी, मग दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, वांद्र्याचं डॉ. अर्नेस्ट बोर्जेस स्मृती निवास, अशा ठिकाणी अर्ज. एकाच ठिकाणी नाव देऊन वाट पाहू नका, दोन-तीन ठिकाणी द्या आणि रोज सकाळी जाऊन विचारा. खोली पाहताना चार गोष्टी बघा: संडास मजल्यावर आहे का आणि तो कमोडचा आहे का, लिफ्ट रात्री चालते का, स्वयंपाकाला मुभा आहे का, आणि एका खोलीत किती रुग्ण आहेत. केमोच्या रुग्णाला आठ जणांच्या हॉलपेक्षा जरा महाग पण दोघांची खोली बरी. त्या जास्तीच्या भाड्याने एखादा संसर्ग टळला, तरी पैसे वसूल.

डोंबिवली-बदलापूरचं नातेवाइकाचं घर फुकट वाटतं. पण तिथून गर्दीच्या गाडीने रोज शेकाला येणं पाचव्या-सहाव्या दिवसानंतर रुग्णाला झेपत नाही. शिवाय कुणाच्याही घरी तीन आठवड्यांनंतर पाहुणा जड होतो, माणसं कितीही चांगली असली तरी.

परळमधला पहिला आठवडा

नोंदणीच्या खिडकीवर पहिलाच प्रश्न येतो: जनरल की प्रायव्हेट? घाईत ‘चांगलं ते द्या’ म्हणू नका. दोन्हींत त्या आजाराचा डॉक्टरांचा गट तोच असतो. फरक असतो तो वेळेचा, खाटेचा आणि दराचा, आणि तो दर मोठा असतो. सरकारी योजना आणि समाजसेवा विभागाची मदत जनरलशी जोडलेली असते. लांबचे उपचार आणि बेताचं उत्पन्न असेल तर जनरल घ्या, वेळ द्यावा लागेल एवढं गृहीत धरा.

नोंदणीनंतर केस नंबर आणि स्मार्ट कार्ड मिळतं. कार्डावर पैसे भरायचे आणि तपासण्यांचे पैसे त्यातून वळते होतात. एकदम मोठी रक्कम टाकू नका, एका आठवड्याला लागेल तेवढीच. केस नंबर वहीच्या पहिल्या पानावर, फोनमध्ये आणि पाठ, अशा तीन ठिकाणी ठेवा.

पैशाबाबत एक नियम लक्षात ठेवा: आधी मंजुरी, मग उपचार. आरोग्य योजना कॅशलेस आहे. स्वतः पैसे भरून नंतर मागायला गेलात तर परत मिळत नाहीत. सहायता निधी आणि ट्रस्टसुद्धा रुग्णालयाच्या खात्यावर पैसे देतात आणि त्यासाठी खर्चाचं अंदाजपत्रक मागतात. म्हणून आराखडा ठरल्या दिवशीच डॉक्टरांकडून अंदाजपत्रक घ्या, आरोग्यमित्राला (योजनेचा रुग्णालयातला मदतनीस) भेटा, आणि जे योजनेत बसत नाही त्याची यादी घेऊन समाजसेवा विभागात जा. या तीन खिडक्या या क्रमाने झाल्या तर दोन-तीन दिवसांत काम होतं, उलट्या क्रमाने झाल्या तर प्रत्येक खिडकी दुसरीकडे पाठवते.

वहीची पानं अशी पाडा. डावीकडे तारीख, कोणते डॉक्टर, काय सांगितलं, पुढची तारीख. उजवीकडे तुमचे प्रश्न, आदल्या रात्री लिहिलेले, जास्तीत जास्त चार. ओपीडीत तुमच्या वाट्याला मोजकीच मिनिटं येतात, त्यामुळे सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वर. मागच्या बाजूने खर्च. मधल्या दोन पानांवर, खूण घालून, दोघांची रोजची औषधं आणि कशाची ॲलर्जी आहे ते. फाइलमध्ये कागद तारखेप्रमाणे लावा, नवा वर.

केमोचं चक्र

आदल्या दिवशी किंवा सकाळी रक्त देणं, ओपीडीत डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून होकार देणं, औषध घेणं, डे-केअरमध्ये खुर्ची किंवा खाट मिळणं, मग केमो. यातलं प्रत्यक्ष औषध तीन-चार तास चालतं, बाकी वाट पाहणं. दिवसभराचं धरून चला.

रक्ताचा रिपोर्ट वाचायला शिका, अवघड नाही. एकूण पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिलच्या (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) टक्केवारीने गुणायचं आणि शंभराने भागायचं. पेशी २,४०० आणि न्यूट्रोफिल ४० टक्के असतील तर ९६०. हा आकडा साधारण १,००० ते १,५०० च्या वर असेल तर पुढची केमो देतात, त्याखाली असेल तर आठवडाभर थांबवतात. ५०० च्या खाली गेला तर संसर्गाचा धोका गंभीर. केमो एक आठवडा पुढे गेली म्हणजे उपचार फसला असं समजून रडारड करू नका, हे घडतच असतं. परतीचं तिकीट मात्र म्हणूनच केमो झाल्यावर काढायचं.

सलाईनच्या जागी जळजळ, सूज किंवा दुखणं सुरू झालं तर नर्सला त्याच क्षणी हाक मारा. काही औषधं शिरेबाहेर गेली तर कातडी जाळतात. दर आठवड्याच्या औषधात पहिल्या काही मिनिटांत चेहरा लाल होणं, छाती भरणं, पाठीत कळ येणं असं झालं तरी तेच. लाल रंगाच्या औषधानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नव्हे. त्याचा घाबरा फोन रात्री गावाकडे करू नका.

पहिले दोन दिवस, ४८ तास, शरीरातून औषध लघवी-संडास-उलटीवाटे बाहेर पडतं. त्या काळात तुम्ही हातमोजे घालून साफसफाई करायची, कमोडचं झाकण लावून दोनदा पाणी सोडायचं, मळलेले कपडे वेगळे धुवायचे. पाणी भरपूर, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर दोन ते अडीच लिटर. उलटीची गोळी उलटी झाल्यावर देण्याची नसते, ती वेळापत्रकाने द्यायची. त्याच गोळीने पोट घट्ट होतं. तीन दिवस संडास झाली नाही तर विचारून रेचक सुरू करा. स्टिरॉइडची गोळी असेल तर ती सकाळी-दुपारी द्या, संध्याकाळी दिली तर रात्रभर झोप नाही. आणि मधुमेह असेल तर त्या दिवसांत साखर वाढते, मोजत राहा.

पेशी वाढवण्याचं इंजेक्शन लिहून दिलं असेल तर ते केमोनंतर २४ तास उलटल्यावरच. ते दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं. थर्मासमध्ये बर्फ घालून न्यायचं असेल, तर इंजेक्शन कापडात गुंडाळा, बर्फाला टेकू देऊ नका. गोठलं की वाया.

सातव्या ते चौदाव्या दिवसांत पेशी सर्वांत खाली असतात. या दिवसांत थर्मामीटर रोज दोनदा. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप म्हणजे तडक रुग्णालय, रात्रीचे दोन वाजले असले तरी. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका, ताप झाकला जातो आणि आत संसर्ग वाढत जातो. ताप नसला तरी थंडी वाजून हुडहुडी भरली, दम लागला किंवा माणूस गुंगला तरी हेच करायचं. रुग्णालयात पोचल्यावर पहिलं वाक्य: “केमो चालू आहे, आज अमुक दिवस आहे, ताप आहे.” म्हणजे रांगेत बसवणार नाहीत. या तापात शिरेतून अँटिबायोटिक पहिल्या तासाभरात सुरू होणं महत्त्वाचं असतं.

मग केमो झाल्यावर गावी जावं की नाही? घाई करून त्याच रात्रीची गाडी पकडू नका, उलट्या गाडीतच होतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात निघा, तेव्हा पेशी अजून पडलेल्या नसतात. खालचा बर्थ, एन-९५ मास्क, घरचं जेवण. पण आधी तालुक्यात किंवा जिल्ह्यात असं एक रुग्णालय नक्की करून ठेवा, जिथे रात्री रक्त तपासतात आणि दाखल करून घेतात. तिथल्या डॉक्टरांना केमोचा कागद आधीच दाखवा. तसं रुग्णालय दोन तासांच्या अंतरावर नसेल तर ते दिवस मुंबईतच काढलेले बरे.

खोलीतलं जेवण

इथे पुष्कळ नवऱ्यांची खरी परीक्षा होते, कारण धर्मशाळेच्या ओट्यावर पहिल्यांदाच कुकर लावायची वेळ येते. शिकायला चार पदार्थ पुरे: तांदळाची मऊ पेज, मुगाची खिचडी, नाचणीची लापशी, उकडलेली अंडी.

वजनाच्या दर किलोला रोज साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५५ किलोच्या बाईला ६६ ते ८२ ग्रॅम. तीन अंड्यांतून १८, अर्धा लिटर दुधातून १६, घट्ट वरणाच्या दोन वाट्यांतून १२-१४, शंभर ग्रॅम पनीरमधून १८, उरलेली पोळी-भाकरीतून. शाकाहारी असाल तर अंड्यांच्या जागी दाण्याचं कूट, फुटाण्याचं पीठ, सोयाबीन. एका बैठकीला एवढं जाणार नाही, दिवसातून सहा वेळा थोडं थोडं. पूर्ण ताट वाढून ‘संपव’ म्हणत समोर बसलं की माणूस तीन घासही खात नाही. वाटीत वाढा आणि दुसरीकडे बघा. रुग्णाला मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

जेवण ताजं आणि गरम. कापून ठेवलेली फळं, रस्त्यावरचा रस, कच्च्या कोशिंबिरी, पाणीपुरी बंद. साल काढता येणारी फळं चालतात. पाणी उकळून. गव्हांकुरांचा कच्चा रस, गुळवेलीचा काढा, कुणीतरी पाठवलेल्या पुड्या, हे डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका, काहींचा औषधावर आणि यकृतावर परिणाम होतो. ‘साखर खाल्ली की कॅन्सर वाढतो’ म्हणून दूध-गूळ-खीर तोडणारे नातेवाईक भेटतील. ज्या माणसाचं वजन घटतंय त्याचं जेवण तोडण्याचा हा सल्ला फोनवरच संपवा.

तोंड आलं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा, दिवसातून पाच-सहा वेळा चूळ. नेहमीचा माउथवॉश झोंबतो. धातूची चव येत असेल तर लाकडी किंवा प्लास्टिकचा चमचा वापरून पाहा. तोंडात फोड नसतील तर कोकम, आवळा, लिंबाने जेवणाला चव येते. वजन दर सोमवारी त्याच काट्यावर करून वहीत लिहा.

ऑपरेशन आणि शेक

स्तनाच्या ऑपरेशननंतर बाजूला नळी आणि डबा लावून घरी सोडतात. डब्यातलं पाणी रोज ठरल्या वेळी मोजायचं, मिलिलिटरमध्ये, आणि लिहायचं. २४ तासांत साधारण ३०च्या खाली आलं की नळी काढतात, त्यामुळे तुमची नोंद नसेल तर मुक्काम वाढतो. पाण्याचा रंग अचानक गडद लाल झाला, वास आला किंवा जागा गरम लागली तर लगेच दाखवा. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला रक्तदाब, सुई, जड पिशवी नाही, आणि शिकवलेले व्यायाम रोज. दुखतंय म्हणून हात बांधून ठेवला तर खांदा आखडतो आणि शेकाच्या वेळी हात वर जात नाही.

शेक रोज थोडा वेळच चालतो, पण रोज असतो. अंगावरच्या खुणा पुसू द्यायच्या नाहीत, साबणाने घासायच्या नाहीत. त्या जागी तेल, पावडर, हळद काही नाही. सैल सुती ब्लाउज किंवा सदरा. तोंडाच्या कॅन्सरला सहा-सात आठवडे लागतात आणि तिसऱ्या आठवड्यापासून गिळणं कठीण होतं, तेव्हा नळीने अन्न देण्याचा विषय आला तर तो हार समजू नका. मशीन बंद पडतं, सुट्टी येते, बैठका पुढे जातात, म्हणून शेवटच्या दिवसाच्या रात्रीचं तिकीट काढू नका. पावसाळ्यात परळजवळचा हिंदमाताचा रस्ता पाण्याने तुंबतो; भरती आणि मुसळधार पाऊस एकाच दिवशी असेल तर दोन तास आधी निघा. काही तपासण्या आणि उपचार टाटाच्याच खारघरच्या ॲक्ट्रेक केंद्रात असतात. कुठला दिवस कुठे, हे प्रत्येक चिठ्ठीवर वाचून घ्या, चुकीच्या ठिकाणी गेलात तर दिवस गेला.

गावचा फोन आणि तुमची झोप

गावाकडे एकच माणूस ठरवा, बातमी त्याच्याकडे. रोज रात्री त्याला एक निरोप, बाकीच्यांना तो सांगेल. नाहीतर संध्याकाळी वीस फोन येतात आणि प्रत्येकाला तेच सांगताना समोर बसलेल्या माणसाला स्वतःचा आजार वीसदा ऐकावा लागतो. मुलांशी मात्र बोलणं आजारी आई किंवा वडिलांनीच करावं, ठरल्या वेळी. केस जाणार असतील, लाल औषधाने ते साधारण दोन-तीन आठवड्यांत जातात, तर आधीच बारीक कापून मुलांना व्हिडिओवर दाखवा. अचानक टक्कल पाहून मुलं जास्त घाबरतात.

आजारी जोडीदाराला काय सांगायचं, किती सांगायचं, हे तिलाच विचारा. ‘तिला कळू देऊ नका’ म्हणत रिपोर्ट लपवणारे घरचे भेटतात. केमोच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवरून सगळं कळतंच, आणि मग विश्वास जातो तो तुमच्यावरचा.

दर तीन आठवड्यांनी बदली माणूस आणा, भाऊ, नणंद, मोठा मुलगा, कुणीही. दोन दिवस दोघे एकत्र राहून वही समजावून द्या आणि चार दिवस गावी जा. शेतीची, पगाराची, मुलांच्या शाळेची कामं साठलेली असतातच, पण मुख्य म्हणजे झोपा. स्वतःची बीपी-शुगरची गोळी जोडीदाराच्या डब्यात नव्हे, वेगळ्या डब्यात ठेवा, तुमची गोळी चुकते ती नेहमी या गडबडीत. सर्दी-खोकला झाला तर मास्क लावा आणि शक्य असेल तर दुसऱ्या खोलीत झोपा.

मुंबई सोडताना

उपचार संपल्यावर नुसती डिस्चार्जची चिठ्ठी घेऊन निघू नका. केमोच्या प्रत्येक औषधाचा एकूण डोस, शेकाच्या बैठका आणि ऑपरेशनच्या तुकड्याचा अंतिम रिपोर्ट असलेला गोषवारा मागा. काही औषधांचा आयुष्यभरातला एकूण डोस मर्यादित असतो, पुढे लागला तर तोच आकडा डॉक्टर पहिला विचारतील. पोर्ट (केमो देण्यासाठी कातडीखाली बसवलेली छोटी डबी) बसवला असेल तर तो कधी काढायचा आणि तोवर किती आठवड्यांनी धुवायचा, ते लिहून घ्या. पुढच्या तपासणीच्या तारखा, कोणत्या तपासण्या तालुक्यात चालतील आणि कोणत्या परळलाच, कोणती लक्षणं दिसली तर तारखेची वाट न पाहता यायचं, हेही. पुढच्या खेपेचा रेल्वे फॉर्म त्याच दिवशी. स्मार्ट कार्डावर पैसे उरले असतील तर ते परत मिळतात, दादरला जाण्याआधी त्या खिडकीवर जाऊन या.